मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लान्टनंतर बुरशीचा संसर्ग, टॅक्रोलिमस कमी का केलं?

नमस्कार मंडळी. लेक नऊ वर्षांची, तिच्या बाबांची किडनी बसवून चौथा महिना चालू आहे. शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) सुरू. गेल्या आठवड्यात जेवण टाकायला लागली, गिळताना छातीत दुखतं म्हणाली. टॉर्च मारून पाहिलं तर जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे चट्टे. दुधाचा थर वाटला, पण पुसला तर खालून लालबुंद. कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग निघाला, तोही अन्ननलिकेपर्यंत, म्हणून बुरशीवरचं फ्लुकोनाझोल दिलंय. इथवर समजलं. पण त्याच चिठ्ठीत टॅक्रोलिमसचा डोस कमी! एकही डोस चुकवू नका म्हणून इतकं बजावलेलं, आणि आता? शरीरानं किडनी नाकारली तर? उद्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तोवर जीव टांगणीला लागलाय.

प्रतिसाद १:
ताई, घाबरू नका. माझ्या मुलाच्या वेळी हेच झालं होतं. यकृतातलं जे एन्झाइम टॅक्रोलिमस मोडतं, त्यालाच फ्लुकोनाझोल अडवतं. मग कमी गोळीतही रक्तातली लेव्हल तेवढीच राहते. जुनाच डोस ठेवला असता तर लेव्हल वाढून किडनीलाच इजा, शिवाय हात थरथरणं वगैरे. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध दिलं तर टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणतात.

खरी जपायची वेळ कोर्स संपताना येते. फ्लुकोनाझोल बंद झालं की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं, लेव्हल घसरते, आणि नाकारण्याचा धोका तेव्हा असतो. कोर्स कधी संपणार, डोस कधी वाढवायचा, लेव्हलची तपासणी कुठल्या दिवशी, हे उद्या लिहूनच घ्या. मनानं काही बदलू नका.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. घराजवळ बांधकाम किंवा खोदकाम असेल तर तिला त्या धुळीपासून लांब ठेवा, कुंड्यांची माती तिला उकरू देऊ नका. त्यातली अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी फुप्फुसात गेली तर प्रकरण कॅन्डिडापेक्षा फार गंभीर. आणि ताप, खोकला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी फोन करा. स्टेरॉइडमुळे ताप दबूनही राहतो, त्यामुळे थर्मामीटरच्या भरवशावर बसू नका.

धागाकर्ती:
खूप आभार. लेव्हल तपासायच्या दिवशी टॅक्रोलिमसची सकाळची गोळी घरूनच देऊन निघायचं का?

प्रतिसाद १:
नाही, सोबत न्या. रक्त काढलं की लगेच द्या. आधी दिली तर आकडा फुगून येतो आणि डोस उगाच आणखी कमी होतो.