जिनबाओरी आणि लोकर

जिनबाओरी म्हणजे जपानी सामुराई योद्धे चिलखतावर घालायचे तो बिनबाह्यांचा अंगरखा. काही जण म्हणतात की ती लोकरीची असेल तर ती खोटी, कारण जपानी कपडा म्हणजे रेशीम. हे काही पटलं नाही. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बड्या सरदारांना परदेशी जाड लोकरीचं, म्हणजे 'राशा'चं, भारी वेड होतं. त्यातही लालभडक रंगाचं. हे कापड पोर्तुगीज जहाजांतून आलं, आणि नागासाकीला जाणारी ती जहाजं गोव्याहून मलाक्का-मकाव करत जायची! सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानची सत्ता हाती असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने तर इराणी रेशमी गालिचा कापून जिनबाओरी शिवून घेतली. ती क्योतोच्या कोदाइजी मंदिराकडे आहे; सिंह सावजावर झडप घालतोय असली नक्षी.

लोकरीचा आणखी एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. हे कापड दाबून घट्ट केलेलं असतं, त्यामुळे कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत. म्हणून एका रंगात भोक पाडून त्यात दुसऱ्या रंगाचा तुकडा नेमका बसवता येतो, कडा दुमडावी लागत नाही. सेंदाईचा सरदार दाते मासामुनेच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जांभळ्या जिनबाओरीवरचे रंगीबेरंगी ठिपके असेच बसवलेत (ती सेंदाई शहर संग्रहालयात आहे). रेशमात हे करायला गेलात तर चिंध्या हाती येतील. मात्र 1615 नंतर लढाया जवळपास संपल्या आणि जिनबाओरी मिरवायचा पोशाख झाली, त्यामुळे बाजारात येणारे बहुतेक नमुने एदो काळातले (1603 ते 1868). 'रणांगणावर वापरलेली' असं कुणी विक्रेता छातीठोकपणे सांगत असेल तर आधी पुरावा मागा.