चेकमधल्या पेल्हर्झिमोव्ह जिल्ह्याचा 'कलेक्टर' कुठं बसतो?

रंकाळा_कट्टा
लोकप्रशासनाच्या टिपणासाठी कोल्हापूरच्या समोर चेकमधला एक ग्रामीण जिल्हा ठेवायचाय. पेल्हर्झिमोव्ह घेतलाय: व्हिसोचिना प्रांत, क्षेत्रफळ साधारण १,२९० चौ. किमी, लोकसंख्या ७२ हजारांच्या आसपास, ग्रामपंचायती धरल्या तर १२०. जिल्हा कार्यालयाचा पत्ता काही सापडत नाही. जुन्या तक्त्यांत हाच जिल्हा दक्षिण बोहेमियात दिसतोय. वर क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं संगणक-सॉफ्टवेअर) नकाशा उलटापालटा उघडतोय. तालुक्याच्या जागी तिथं काय धरायचं?

करवीरकर
पत्ता सापडणार कसा, कार्यालयच नाही. जिल्हा म्हणजे 'ओक्रेस'. त्यांची कार्यालयं २००२ च्या अखेरीस बंद झाली, कामं वर प्रांताकडं ('क्राय') आणि खाली मोठ्या नगरपालिकांकडं गेली. या नगरपालिकांना तिथं 'ओएरपे' म्हणतात, म्हणजे विस्तारित अधिकारांची पालिका. देशभरात अशा २०५, प्राग वेगळं. तुमच्या जिल्ह्यात तीन: पेल्हर्झिमोव्हखाली ७१ गावं, हुम्पोलेत्सखाली २५, पात्सोव्हखाली २४. बेरीज १२०.

तालुका म्हणून हेच तीन धरा, पण तहसीलदार शोधू नका. ओळखपत्र, पासपोर्ट, गाडीची नोंदणी ही सरकारची कामं नगरपालिकाच करते. आपल्याकडं पालिका आणि तहसील या दोन वेगळ्या इमारती. तिथं एकाच छताखाली गावचा कारभारही चालतो आणि सरकारनं सोपवलेलं कामही. टिपणात हे दोन रकाने वेगळे ठेवा, सगळा घोळ तिथंच होतो. कार्यालयाचा कारभार 'तायेम्निक' बघतो, आपल्या मुख्याधिकाऱ्यासारखा. त्याला महापौर नेमतो, पण प्रांत कार्यालयाच्या संचालकाची संमती लागते.

ओक्रेस कागदावरून गेलेला नाही. जिल्हा न्यायालय, अभिलेखागार, जमीन नोंदणीची शाखा अजून त्याच नावानं पेल्हर्झिमोव्हमध्ये आहेत.

शाहूपुरी_गल्ली४
जुन्या तक्त्यांचं कोडं असं: १९६० च्या फेररचनेत हुम्पोलेत्स, पात्सोव्ह आणि कामेनित्से नाद लिपोउ हे तोवरचे स्वतंत्र जिल्हे मोडले, मोठा पेल्हर्झिमोव्ह झाला आणि तो दक्षिण बोहेमिया प्रांतात गेला. आजचे १४ प्रांत २००० पासूनचे (प्राग धरून). तेव्हा तो यिह्लावा मुख्यालयाच्या प्रांतात आला, ज्याचं नाव आता व्हिसोचिना. म्हणून १९६० ते १९९९ ची प्रांतनिहाय बेरीज आजच्या बेरजेला जोडू नका. जिल्ह्याचा संकेतांक सीझेड०६३३, त्यावर मालिका जुळवा. गावं नावानं कधीच जुळवू नका, 'ल्होता' नावाची गावं देशभर पसरलीत. सहा अंकी गाव-संकेतांक वापरा. फाईल उघडल्यावर नावांतली अक्षरं चौकोन-प्रश्नचिन्हं झाली तर ती विंडोज-१२५० या अक्षर-संकेतनात (एन्कोडिंग) साठवलेली असते. उघडताना तीच निवडा.

नकाशाचं: जागेचे निर्देशांक (एक्स, वाय) मोजायची तिकडची राष्ट्रीय पद्धत एस-जेटीएसके. तिच्यात मूळ एक्स दक्षिणेकडं वाढतो आणि वाय पश्चिमेकडं. क्यूजीआयएसला तिचा संकेतांक ईपीएसजी ५५१४ द्या. त्यात पूर्व आणि उत्तर दोन्ही आकडे ऋण असतात, तुमच्याकडं धन आले तर पूर्व = उणे वाय, उत्तर = उणे एक्स. नुसती चिन्हं बदलली, पण एक्स-वायची अदलाबदल केली नाही तर नकाशा कर्णावर आडवा पडतो.

रंकाळा_कट्टा
झकास, नकाशा बसला. १२० गावांना ७२ हजार म्हणजे सरासरी ६००, तीही शहरं धरून! आपल्याकडं एवढ्याला वाडी म्हणतात. तिथं सरपंच काय करतो?

करवीरकर
'स्तारोस्ता' थेट निवडून येत नाही, सभासद आपल्यातून निवडतात. मुदत चार वर्षं. ५०० पर्यंत वस्ती असेल तर सभेत ५ ते ९ सभासद. सभा १५ पेक्षा लहान असली की कार्यकारी मंडळ होत नाही, त्याचे बहुतेक अधिकार सरपंचाकडं. इतकी छोटी गावं राहिली कारण १९८९ नंतर जबरदस्तीनं जोडलेल्या गावांनी फारकत घेतली. आता फुटून नवं गाव करायचं तर दोन्हीकडं किमान १,००० वस्ती लागते. प्राथमिक शाळा गावाची, माध्यमिक बहुतेक प्रांताची. पेल्हर्झिमोव्हचं रुग्णालयही प्रांताचंच.

भोगावती_पाट
भूगोल विसरू नका, कारभार त्यावरच बेतलाय. हा सगळा चेक-मोराव्हियन उंचवटा. क्रझेमेश्निकचा माथा ७६५ मी., बटाट्याचा थंड पट्टा. हुम्पोलेत्सजवळून डी-१ महामार्ग जातो. पाणी झेलिव्का नदीचं. तिच्यावरचा श्विहोव्ह जलाशय (खुद्द धरण या जिल्ह्याबाहेर) प्रागला पिण्याचं पाणी पुरवतो, ते सुमारे ५२ किमी लांबीच्या बोगद्यातून. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी आणणाऱ्या कोल्हापूरकरांना हे अंतर वेगळं सांगायला नको. त्यासाठी जलाशयाभोवती संरक्षित पट्टे आखलेत, खत आणि बांधकामावर तिथं बंधनं आहेत. जमीन वापराचे आकडे घेताना हे पट्टे वेगळ्या थरात टाका, नाहीतर कमी पिकाचा दोष हवामानावर जाईल.