हेल्दी सिटी आणि एसडीजी, मंडळाच्या बोर्डावर नेमकं काय लिहायचं?

शहापूर_गल्ली
नमस्कार मंडळी. यंदा गणपतीत आमचं मंडळ 'निरोगी शहर' हा विषय घेऊलंय. पोरं म्हणतात रक्तदान शिबिर आणि बीपी-शुगर तपासणी ठेवली की झालं, पण मला तेवढं पुरेसं वाटत नाही. डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) हेल्दी सिटी उपक्रम युनोच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांना, म्हणजे एसडीजींना, हातभार लावतो असं वाचलंय. तो कसा, हे गल्लीतल्या माणसाला कळेल असं कुणी सांगता का? उदाहरणं आपल्या बेळगावचीच द्या.

थर्ड_गेट_टिळकवाडी
चांगला विषय घेतलासा. ही कल्पना १९८६ च्या आसपास युरोपातल्या शहरांत सुरू झाली, एसडीजी आले २०१५ ला, मुदत २०३०. डब्ल्यूएचओच्या हिशेबात आधीच सगळे ठणठणीत असलेलं शहर म्हणजे हेल्दी सिटी असं काही नाही, पाणी, गटार, रस्ता, बाग कसलाही निर्णय घेताना लोकांच्या तब्येतीचा विचार करणारं आणि त्यासाठी धडपडणारं शहर ते हेल्दी सिटी. म्हणून आरोग्याचं तिसरं उद्दिष्ट गाठायचं तर निम्मं काम दवाखान्याच्या बाहेरचं आहे. शिबिर घ्याच, पण तिथंच थांबू नका.

वडगावची_काकू
मी पाण्याचं सांगते. नळाला काही दिवसाआड पाणी येतं तेव्हा मधल्या काळात पाइप रिकामी असते, आत प्रेशर नसतं, मग कुठं जॉइंट लीक असेल आणि शेजारून गटार जात असेल तर ती घाण आत ओढली जाते. पहिल्या दोन-तीन बादल्यांना वास येतो, आम्ही त्या ओतून टाकतो, ज्यांना पाणीच कमी मिळतं ते टाकणार कुठून? परत पाणी कधी येणार माहीत नाही म्हणून बॅरल, हंडे, घागरी भरून ठेवायच्या, झाकण नीट नसलं की आठ-दहा दिवसांत त्यातच डेंग्यूचे डास तयार. आणि हे सगळं भरायला पहाटे उठतं कोण, घरातली बाईच ना? आपल्याकडे निवडक वॉर्डांत २००८ ला चोवीस तास पाणी सुरू झालं, तिथं पाइपमध्ये कायम प्रेशर राहिलं की ही कटकटच कमी होते. आता बघा, पाइपलाइनचं एक काम, पण त्यात सहावं उद्दिष्ट पाण्याचं, तिसरं आरोग्याचं, पाचवं बायकांचं, अकरावं शहराचं, सगळी येतात. माझ्या मते बोर्डावर हेच एक चित्र मोठं काढा.

येळ्ळूर_रोड
काकूंचं बरोबर आहे, पण आमच्या शिवाराचं पण घ्या. बळ्ळारी नाल्यात गाळ आणि जलपर्णी साचते, पावसाळ्यात पाणी भातात शिरतं, त्याबरोबर शहराचं सांडपाणी पण येतं. पीक कुजतं ते वेगळं, त्या पाण्यात उभं राहून काम करायचं म्हणजे पायाला खाज, फोड. शहराची हद्द संपली म्हणून शहराची घाण संपत नाही. सांडपाणी शुद्ध करून सोडणं आणि नाला पावसाआधी साफ करणं हे आरोग्याचं काम आहे आणि दुसऱ्या उद्दिष्टाचं पण, म्हणजे अन्नाचं. हे इंजिनिअरिंग खात्याचं म्हणून बाजूला टाकतात, तिथंच सगळं अडतं.

थर्ड_गेट_टिळकवाडी
खरं आहे. आणखी एक, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आहे, नव्या पोरांना दाखवा. जुन्या विहिरी साफ ठेवल्या तर निदान धुण्या-झाडांचं पाणी भागतं, नळाच्या पाण्यावरचा ताण कमी होतो. इथल्याच व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडं पण घ्या, अकराव्या उद्दिष्टाच्या ११.७ या कलमात बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि दिव्यांग या सगळ्यांना हिरवी मोकळी जागा मिळावी असं स्पष्ट लिहिलंय.

शहापूर_गल्ली
मनापासून आभार सगळ्यांचे. काकूंचं पाण्याचं चित्र मधोमध घेतो आणि नाल्याचं शेजारी. बोर्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत करूया म्हणतोय, डास काय भाषा विचारून चावत नाही. येळ्ळूरकर दादा, नाल्याचे पावसातले फोटो असतील तर पाठवा.

येळ्ळूर_रोड
आहेत, रात्री पाठवतो. आमच्या भागातले दोघं-तिघं शेतकरी पण येऊन बोलतील, फक्त वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवा, त्याआधी धारा काढायच्या असतात.