निखळणारा खांदा आणि तोंडावर आलेली निवड: खेळवावे की थांबवावे?

कबड्डी मार्गदर्शक, परभणी जिल्हा (धाग्याची सुरुवात)

आमच्या संघातील सतरा वर्षांच्या एका बचावपटूचा उजवा खांदा गेल्या हंगामात निखळला. तो बसवला गेला, आणि यंदा पाऊस ओसरून सराव सुरू झाल्यावर डॅश मारताना, म्हणजे चढाईपटूला अंगाने धडक देऊन रेषेबाहेर ढकलताना, पुन्हा निखळला. आता जिल्हा निवड तोंडावर आली असून खांदा बांधून खेळू द्यावे, असे त्याच्या वडिलांचे म्हणणे आहे. त्याने हा हंगाम सोडावा, असे माझे ठाम मत आहे. किंबहुना, एकाच सांध्याला दुसऱ्यांदा इजा झालेल्या कोणत्याही अल्पवयीन खेळाडूला तपासणी आणि ताकदीची चाचणी झाल्याशिवाय उतरवू नये, हा नियम प्रत्येक मंडळाने स्वतःहून पाळला पाहिजे.

खांद्याच्या खोबणीभोवती कूर्चेची एक कड असते आणि खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा ती बहुधा हाडापासून सुटते. दुखणे काही आठवड्यांत ओसरते, म्हणून घरच्यांना खांदा बरा झाला असे वाटते. पण सुटलेली कड पूर्वीच्या जागी जुळून येईलच असे नसते, आणि वीस वर्षांखालील खेळाडूंमध्ये असा खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण फार मोठे आहे. शिवाय दर वेळी खोबणीच्या पुढच्या काठाचे हाड झिजण्याचा धोका असतो. हाड शाबूत असेल तोवर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने कड पुन्हा टाचता येते. साधारण पाचवा हिस्सा हाड गेले, की दुसरीकडचा हाडाचा तुकडा तेथे बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया बहुधा करावी लागते.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे धावपटू अविनाश साबळे जुलै 2025 मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पडले आणि त्यांच्या गुडघ्याला गंभीर इजा झाली. त्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा सोडली. ऑलिंपिकची अंतिम फेरी धावलेला माणूस थांबू शकतो, तर आमच्या मुलाला जिल्हा निवडीसाठी एवढी घाई का असावी?

एका खेळाडूचे वडील, लोहा तालुका, नांदेड

सर, आपली तळमळ खरी आहे, परंतु आपण दिलेले उदाहरण आम्हाला लागू पडत नाही. साबळे जखमी झाले तेव्हा ते लष्करात नोकरीला होते, राष्ट्रीय विक्रम त्यांच्या नावावर होता आणि उपचारांसाठी मोठी यंत्रणा त्यांच्या पाठीशी उभी होती. आमच्या मुलांच्या हाती अजून एक प्रमाणपत्रसुद्धा नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरलेल्या दर्जाची कामगिरी लागते, आणि कुमार गटाचे वय एकदा उलटले की ती संधी कोणी परत देत नाही. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात एक हंगाम सोडणे म्हणजे काय, याचा हिशेब आपल्या नियमात कोठेही दिसत नाही.

दुसरे असे, की आपण ज्याला विश्रांती म्हणता ती आमच्याकडे नसतेच. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी सुरू असते. मैदानावर न गेलेला मुलगा शेतात असतो, मळणीयंत्रावर हाताला हात देतो, पोती उचलतो आणि पाठीवर फवारणीचा पंपही घेतो. तो खांदा तेथेही निखळू शकतो. फरक इतकाच, की तेथे निखळला तर त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही.

क्रीडाशिक्षक, अंबाजोगाई

मी या पालकांशी सहमत आहे, आणि केवळ भावनेपोटी नाही. अमेरिकेच्या लष्करी अकादमींतील 45 खेळाडूंचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. हंगाम चालू असताना या सर्वांचा खांदा पूर्ण किंवा अंशतः निखळला होता. तरीही त्यांपैकी 33 जण, म्हणजे 73 टक्के, शस्त्रक्रियेविना त्याच हंगामात मैदानावर परतले, आणि तेही बहुतेक जण थोड्याच दिवसांत. मग सरसकट बंदी कशासाठी? व्यायाम द्यावा, खांद्याला पट्टा बांधावा, त्या खेळाडूला उजव्या कोपऱ्यातून काढून दुसऱ्या जागी उभे करावे आणि डॅश दुसऱ्याकडे सोपवावा. मार्गदर्शकाचे कौशल्य इथेच लागते. नियमाचा आधार घेतला की आपली जबाबदारी संपते, खेळाडूचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

फिजिओथेरपिस्ट, छत्रपती संभाजीनगर

सरांनी दिलेला अभ्यास खरा आहे, मात्र त्याचा उरलेला अर्धा भागही सांगायला हवा. परतलेल्या त्या 33 जणांपैकी 21 जणांचा, म्हणजे 64 टक्क्यांचा, खांदा त्याच हंगामात पुन्हा निसटला. पुन्हा त्रास न होता हंगाम पूर्ण करू शकलेले खेळाडू केवळ 12 होते. शिवाय त्या अकादमींत उपचार करणारी माणसे मैदानाच्या काठावर हजर असतात. आपल्याकडे अनेक गावांत खांदा निखळला की आधी हाड बसवणाऱ्याकडे नेतात, आणि हाड मोडले आहे का हे पाहण्याआधीच हात ओढला जातो.

पण मार्गदर्शक सरांशीही माझा मतभेद आहे. नुसते ‘थांब’ म्हटल्याने खांदा सुधारत नाही. गळ्यात हात अडकवून तीन महिने बसलेला मुलगा परत येतो तेव्हा त्याचे स्नायू पहिल्यापेक्षा अशक्त झालेले असतात. रबरी पट्टा ओढून हात बाहेरच्या बाजूला फिरवणे, पाठीचे फावडे (खांद्यामागचे चपटे हाड) स्थिर ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम, भिंतीवरचे दंड, मग जमिनीवरचे दंड, त्यानंतर सावकाश डॅश आणि शेवटी पूर्ण वेगाची पकड, असा क्रम लागतो. यातील बहुतेक गोष्टी घरी करता येतात. दुखऱ्या हाताची ताकद दुसऱ्या हाताच्या निदान 90 टक्के भरावी, हा निकष बऱ्याच ठिकाणी धरतात. पट्ट्याबद्दल एवढेच सांगते, की तो हात खांद्याच्या वर आणि मागे जाण्यापासून अडवतो, आणि पकडीत हात नेमका तेथेच जातो.

कबड्डी खेळाडू, औसा, लातूर

या चर्चेत आतापर्यंत सगळे मुलाबद्दलच बोलत आहेत, म्हणून मला लिहावेसे वाटले. माझ्या गुडघ्याला दोनदा इजा झाली आणि दुसऱ्या वेळी मला थांबवण्यात आले. मुलगा एक हंगाम थांबला तर तो पुढच्या हंगामात परत येतो. मुलगी थांबली की घरात स्थळांची चर्चा सुरू होते, आणि ‘गुडघा नाजूक आहे’ हे वाक्य गावभर पोहोचलेले असते. मला थांबवणाऱ्यांनी त्या महिन्यांत एकदाही घरी येऊन माझ्या वडिलांशी बोलणे केले नाही. व्यायाम कोणता करायचा हे मी स्वतः शोधले. मी परत खेळू शकले ती आईच्या हट्टामुळे, कोणत्याही नियमामुळे नाही.

त्यामुळे सरांना माझा थेट विरोध आहे. खेळाडूला थांबवण्याचा अधिकार हवा असेल, तर त्या काळात तिला संघात धरून ठेवण्याचे बंधनही स्वीकारा. तिचे नाव यादीत ठेवा, तिला सरावाला बोलवा, चढाईपटूंच्या हालचाली टिपून घेण्याचे काम द्या आणि महिन्यातून एकदा तिच्या घरी जा. हे करणार नसाल, तर तिचा निर्णय तिला घेऊ द्या.

कबड्डी मार्गदर्शक, परभणी जिल्हा

ताई, आपली अट मला मान्य आहे आणि ती मूळ नियमाचाच भाग असावी. अंबाजोगाईच्या सरांशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. कबड्डीत जागा बदलली तरी साखळीत शेजारच्या बचावपटूचा हात धरावाच लागतो, आणि चढाईपटू जोर लावतो तो नेमका त्या हातावर. पालकांनाही एक सांगायचे आहे. पोलीस शिपाई भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण असतात. ज्या हाताने गोळा टाकायचा तोच खांदा जिल्हा निवडीत खर्ची पडला, तर आपण ज्या नोकरीसाठी हे सारे करतो आहोत तीच हातची जाते.

एका खेळाडूचे वडील, लोहा तालुका, नांदेड

गोळाफेकीचा मुद्दा मी घरी सांगितला, आणि तो मुलालाही पटला. तरी माझे मत पूर्ण बदललेले नाही. तपासणीला आमची हरकत नाही. परंतु चाचणीत मुलगा उतरला तर त्याला खेळवलेच पाहिजे, हेही नियमात तितक्याच स्पष्टपणे लिहा. आणि तपासणीसाठी नांदेडला जाण्या-येण्याचा, फोटो काढण्याचा खर्च मंडळ करणार की पालक, याचे उत्तर या धाग्यावर अद्याप कोणीही दिलेले नाही.