मायलोमात बसलेली किडनी परत येणार की नाही, याचा आधी काही अंदाज लागतो का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, अण्णांबद्दल (वडील, वय ६३) विचारायचंय. दोन-तीन महिने कंबर धरली होती, गावातल्या डॉक्टरांकडून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, मधूनअधून इंजेक्शन असं चालू होतं, मग उलट्या सुरू झाल्या, जेवण तुटलं, आणि रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) ७.८, हिमोग्लोबिन ७.२, कॅल्शियम १२.१. मिरजेला हलवलं, तिथे बोन मॅरो केल्यावर मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) निघाला. फ्री लाइट चेन लॅम्डा (त्या पेशी रक्तात सोडतात ते प्रोटीन) ६४०० मिग्रॅ प्रति लिटर. मानेतल्या नळीतून आठवड्याला तीन डायलिसिस चालूयत, सोबत केमोची औषधं, बोर्टेझोमिब, डेक्सा आणि सायक्लोफॉस्फामाइड.

आता प्रश्न असा की हिमॅटॉलॉजीवाले (रक्ताचे डॉक्टर) म्हणतात बघू, नेफ्रोवाले (किडनीचे) म्हणतात आत्ताच सांगता येत नाही, आणि घरात काका म्हणतायत कशाला वाट बघताय, हाताला फिस्टुला (कायमच्या डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडायचं ऑपरेशन) करून टाका. क्रिएटिनिन एकदा ४.१ येतं, दोन दिवसांनी ६, त्यावरून काय समजायचं? कुठला आकडा बघायचा ते तरी कुणी सांगा. आणि हो, लघवीच्या साध्या रिपोर्टला प्रोटीन 'ट्रेस' आणि २४ तासांच्या कॅनमध्ये ५ ग्रॅम, हे कसं काय? लॅबने घोळ घातला का?

स्लाइडवाला
लॅबने काही घोळ घातलेला नाही दादा. लघवीच्या रिपोर्टची साधी पट्टी प्रामुख्याने अल्ब्युमिन (रक्तातलं नेहमीचं प्रोटीन) ओळखते, लाइट चेन तिला जवळजवळ दिसतच नाहीत, २४ तासांच्या तपासणीत मात्र सगळं प्रोटीन मोजलं जातं. उलट तुमच्या या फरकातूनच बरंच कळतं. अल्ब्युमिन कमी आणि एकूण प्रोटीन भरपूर म्हणजे जे जातंय ते लाइट चेन आहे, किडनीच्या नळ्यांमध्ये कास्ट (प्रोटीनची बुचं) अडकलेत असं धरायला जागा आहे. अल्ब्युमिनच जास्त असतं तर अमायलॉइड (किडनीत प्रोटीन साचण्याचा वेगळा आजार) वगैरे शंका घ्यावी लागली असती आणि त्याचं गणित वेगळं.

एक कळकळीची विनंती, फ्री लाइट चेन दरवेळी त्याच लॅबला करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एकीकडे ६४०० आणि दुसरीकडे ३००० आलं तर औषध लागू पडलं की किट बदललं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. युनिटही बघा, काही लॅब मिग्रॅ प्रति डेसिलिटर देतात, तिथे दहाने गुणायचं. लोक ६४० बघून पेढे वाटायला निघतात.

सातारी_बर्मिंगहॅम
मी नेफ्रोलॉजीत आहे, मूळ गाव सातारा, पण पेशंट न बघता लिहितोय हे धरून वाचा.

आधी हे होतं कसं ते. मायलोमाच्या पेशी लाइट चेन ढिगाने सोडतात, त्या किडनीतून गाळल्या जातात, पुढे नळीत युरोमोड्युलिन नावाचं किडनीचं स्वतःचंच प्रोटीन असतं त्याला चिकटतात आणि नळीला बूच बसतं. कॅल्शियम वाढलेलं, अंगात पाणी कमी आणि वरून पेनकिलर, हे तिन्ही असलं की बूच लवकर बसतं, आणि अण्णांना तिन्ही होतं. त्यामुळे इथून पुढे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद म्हणजे बंद, शेजाऱ्याने दिली तरी. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) घालून स्कॅन सांगितला तर आधी नेफ्रोवाल्यांना विचारा.

आता अंदाजाचं. डायलिसिसवर असताना क्रिएटिनिन मशीनच खाली आणतं, म्हणून तुमचं ४ आणि ६ चाललंय, त्यात जीव अडकवू नका. बघायची लाइट चेन. आमच्या बर्मिंगहॅममध्येच ही रक्ताची टेस्ट तयार झाली आणि २०११ मध्ये इथल्या मंडळींनी दाखवलं की उपचार सुरू झाल्यापासून २१ दिवसांत लाइट चेन ६० टक्क्यांनी खाली आली तर १० पैकी ८ जणांची किडनी सावरते. अभ्यास छोटा होता, पण लवकर आणि खोल उतार हवा ही गोष्ट नंतरही टिकली. तुमच्या हिशोबाने ६४०० चे २५६० च्या खाली यायला हवेत.

दुसरं, बायोप्सी झाली असेल तर त्यात कास्ट किती आणि फायब्रोसिस किती ते विचारा. फायब्रोसिस म्हणजे व्रण पडून गेलेला भाग, तो परत येत नाही. बायोप्सी नसेल तर फक्त एवढ्यासाठी करा असं मी म्हणणार नाही, हिमोग्लोबिन ७ असताना तर नाहीच.

कुणीतरी लाइट चेन गाळणाऱ्या महागड्या फिल्टरचं सुचवेल. त्यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. फ्रान्सच्या चाचणीत तीन महिन्यांनी डायलिसिस सुटलेले साध्या फिल्टरवर ३३ टक्के, महागड्यावर ४१, फरक ठाम म्हणण्याएवढा नाही, सहा महिन्यांनी मात्र ३५ विरुद्ध ५७. इथल्या आणि जर्मनीच्या चाचणीत तीन महिन्यांना ५१ आणि ५६, म्हणजे जवळपास सारखंच, शिवाय महागड्या गटात फुफ्फुसाचे इन्फेक्शन जास्त. माझं मत विचाराल तर शेत विकून त्यामागे जाऊ नका. केमोचा डोस वेळेवर जाणं त्याहून महत्त्वाचं, आणि बोर्टेझोमिबला किडनीसाठी डोस कमी करावा लागत नाही हे नशीब.

नलूची_सून
माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं, म्हणून सांगते. आमचा पहिला आनंद रिपोर्टात नव्हता, लघवीच्या मापात होता. रोज मापाचा मग घेऊन मोजायचे आणि कॅलेंडरवर लिहायचे, आधी कपभर, मग हळूहळू लिटरच्या पुढे. तेव्हा नेफ्रोच्या डॉक्टरांनी डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन बघायला सुरुवात केली, दोन डायलिसिसच्या मधे ते किती चढतं ते. चढणं कमी झालं तसे तीनाचे दोन केले, मग एक, मग थांबवलं. पण याला महिने गेले हो, आणि किडनी पहिल्यासारखी झाली नाही, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) तिशीच्या आसपासच राहिला. डायलिसिस नाही यातच आम्ही खूश. आणि पाणी भरपूर प्या हे जो तो सांगेल, पण लघवी होत नसताना तसं केलं तर दम लागतो, किती प्यायचं ते डॉक्टरांकडून मिलीलिटरमध्ये लिहून घ्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. आज तिसऱ्या आठवड्याचा रिपोर्ट आला, त्याच लॅबचा, लॅम्डा १९००. म्हणजे ७० टक्के उतरली ना? लघवी दिवसाला ४००-५०० मिली होतेय. मग फिस्टुलाचं काय करू, काका रोज फोन करतायत. आणि हाडांसाठी झोलेड्रॉनिक देऊया असं ज्युनिअर डॉक्टर म्हणत होते.

सातारी_बर्मिंगहॅम
हो, ७० टक्के, चांगला उतार आहे. पण १९०० अजून खूप आहे, नळ्यांना त्रास द्यायला पुरेसं, त्यामुळे पुढचे डोस चुकवू नका आणि लाइट चेन ५०० च्या खाली कधी जाते ते बघा. फिस्टुलाची आत्ता घाई नको असं माझं मत, मानेतली नळी तात्पुरती असेल तर छातीतून बसवतात ती टिकाऊ नळी विचारा, इन्फेक्शनच्या दृष्टीने बरी. तीन-चार महिन्यांनीही डायलिसिस सुटलं नाही तर फिस्टुला करता येईल. ट्रान्सप्लांटचा विषय मायलोमा ताब्यात येऊन बराच काळ गेल्यावरचा. झोलेड्रॉनिक या किडनीला द्यायचं नसतं, डेनोसुमॅबचा पर्याय असतो पण त्याने कॅल्शियम घसरू शकतं, म्हणून हा निर्णय दोन्ही सीनियर डॉक्टरांना एकत्र घ्यायला लावा. आणि काकांना सांगा, फिस्टुला आत्ता नाही, पण त्यासाठी डावा हात राखून ठेवतोय, त्या हातावर रक्त काढणं, सलाईन काही नको, रक्त काढणाऱ्या मुलांना पण सांगून ठेवा.