भाचा एनर्जी ड्रिंकवर रात्री जागतोय, बंद केलं की डोकं धरून बसतो, कसं सोडवू?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ताईचा मुलगा मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा रिपीट करतोय म्हणून जूनपासून माझ्याकडे नाशिकला गंगापूर रोडला राहतो. वय १८, वजन जेमतेम ५२ किलो. ताई आणि दाजी निफाडकडे असतात, द्राक्षबाग आहे, सध्या गोडी छाटणी चालू असल्याने त्यांना मान वर करायला फुरसत नाही आणि खरं सांगायचं तर मी त्यांना अजून यातलं काहीच सांगितलेलं नाहीये.

झालं असं की मागच्या रविवारी त्याच्या खोलीत झाडू मारत होते तर पलंगाखाली एक पिशवी लागली, त्यात २० रुपयेवाल्या एनर्जी ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, मोजल्या तर ३१. मला आधी वाटलं कोल्ड्रिंकच आहे, पोरं पितात तसं. मग चष्मा लावून लेबल वाचलं, बारीक अक्षरात लिहिलेलं की कॅफीन जास्त आहे, लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, कॅफीन सोसत नाही अशांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलीच्या वर नको. हा दोन पितो, टेस्टच्या आदल्या रात्री तीन. वर रात्री स्टीलच्या ग्लासात दोन चमचे भरून कॉफी आणि दिवसभरात तीन वेळा चहा, तो तर मीच करून देते.

मग मी वही घेऊन हिशोबच मांडला. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे असल्या पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. चहाच्या कपात साधारण ३०-४० धरलं, कॉफीच्या त्या ग्लासात शंभर तरी. दोन बाटल्यांच्या दिवशी साडेतीनशे आणि तीनच्या दिवशी चारशेच्या पुढे जातंय. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत ठीक म्हणतात, पण मुलांसाठी युरोपातली अन्नसुरक्षा संस्था किलोमागे ३ मिलिग्रॅम धरते, तसं बघितलं तर ५२ किलोला १५६ च येतात. आता हा १८ पूर्ण, म्हणजे नक्की कुठला आकडा लावायचा? आणि कुठलाही लावला तरी जास्तच आहे ना.

त्याची अवस्था सांगते. रात्री तीनला झोपतो, सहाला अलार्म, क्लासला जातो, दुपारी येऊन पुस्तकावर डोकं ठेवून झोपून जातो. जेवण अर्धं टाकतो, ॲसिडिटी आहे. परवा सरावाची ओएमआर शीट टेबलावर पडली होती ती सहज उचलली तर गोल भरताना पेन गोलाबाहेर गेलेलं, एकदा नाही, पानभर. मी विचारलं तर म्हणाला मावशी हात थोडा थरथरतो, बाकी काही नाही. रात्री छातीत धडधडतं हे त्याने दोन दिवसांनी सांगितलं, तेही लाइट बंद केल्यावर.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ईसीजी नॉर्मल आला, बीपी ठीक, नाडी मात्र १०४ होती. त्यांनी छान समजावलं त्याला, की जागरणाने मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं आणि त्यानेच झोप येते, कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं म्हणून झोप आल्याचं कळत नाही, थकवा आहे तिथेच असतो. रात्री ११ ला प्यायलेल्यातलं निम्मं पहाटे चारलाही अंगात असतं. त्याला हे पटलं, घरी आल्या आल्या म्हणाला आजपासून सगळं बंद, चहासुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं इतकं ठणकायला लागलं की कपाळाला रुमाल बांधून पडला, मळमळ, माझ्यावर ओरडला, पुस्तक उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी खाली जाऊन परत घेऊन आला. माझ्यासमोरच प्यायला आणि म्हणाला मावशी, याच्याशिवाय मला काही आठवतच नाही गं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जातच नाहीये. हे व्यसन म्हणायचं का? डोकेदुखी किती दिवस राहते, अभ्यास न बुडवता कमी कसं करायचं, आणि दाजींना सांगू का? तो हात जोडून म्हणतो पप्पांना नको सांगू, ते मला परत घेऊन जातील. कुणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज लिहा.

फार्मसीवाली_नाशिकरोड:
ताई, घाबरू नका, एकदम बंद केलं म्हणून झालंय हे. कॅफीन तोडल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, दुसरा दिवस सगळ्यात वाईट जातो आणि काहींना ८-९ दिवस राहतं. म्हणून टप्प्याटप्प्याने सोडवा. आधी संध्याकाळनंतरची बाटली आणि रात्रीची कॉफी काढा, दुपारपर्यंतचं तसंच ठेवा. चार-पाच दिवसांनी दुसऱ्या बाटलीची अर्धी करा, मग तीही काढा. साखरेचं वेगळंच, त्या बाटल्यांत ती पण भरपूर असते. आणि एक महत्त्वाचं, डोकं दुखतंय म्हणून गोळी द्याल तर स्ट्रिपवर वाचा, डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन असतं, मग सोडवताय काय आणि देताय काय. चहा जेवणाला लागून देऊ नका, अन्नातलं लोह नीट लागत नाही. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला किंवा धडधड थांबेचना तर मात्र वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, एकदा ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी बसू नका.

दोनदा_रिपीटर:
मावशी मी पण यातून गेलोय, कॅनडा कॉर्नरच्या अभ्यासिकेत असायचो, आमच्या रांगेत प्रत्येकाच्या टेबलावर बाटली असायची. भाच्याला एकच सांगा, नीटचा पेपर दुपारी २ ते ५ असतो, १८० प्रश्न १८० मिनिटं. तो रोज नेमका त्याच वेळी झोपतोय आणि रात्री दोनला जागा राहायची सवय लावतोय. दीड वाजता गेट बंद होतं, आत बाटली वगैरे काही नेता येत नाही, साधं पाणी फक्त. मग तिथे काय करणार? मी घरी रोज २ ते ५ पेपर लावायला लागलो, ११ ला झोपायचो, पहिले दहा दिवस खूप जड गेले पण नंतर वाचलेलं टिकायला लागलं. झोपेतच ते पक्कं होतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. संध्याकाळी त्याला कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर न्या, अर्धा तास, मोबाइल घरी ठेवून.

आडगाव_बाबा:
माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या गेटसमोरच्या टपरीवर हेच विकतात. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत आपल्या नाशिक पदवीधरचे आमदार सत्यजीत तांबे यांनी प्रश्न विचारला होता आणि तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळेपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनवाली पेयं विकायला बंदी करू असं सांगितलं होतं. आमच्या गेटसमोर बाटल्या आजही दिसतात.
तुमच्या दाजींचं म्हणाल तर सांगाच. पण तो घरात नसताना फोनवर नको, त्याला शेजारी बसवून, त्याच्याच तोंडून. मी बाप म्हणून सांगतो, बाटल्यांचं वाईट वाटलं नसतं, आपल्यापासून लपवलं याचं वाटलं असतं. पोराला फारच दडपण वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार, उत्तर द्यायला उशीर झाला. आज बारावा दिवस. रात्रीची कॉफी आणि टेस्टच्या आदल्या रात्रीची तिसरी बाटली बंद आहे, दुसरी अर्धीवर आली होती ती काल त्याने स्वतःहून सोडली. डोकं दोन दिवस दुखलं पण त्या दिवसासारखं नाही. झोप साडेअकरा-बाराला येतेय. ट्रॅकवर चार वेळा गेलो, एकदा पाऊस आला.

ताईला आधी सांगितलं. ती शनिवारी पिंपळगावहून बसने आली, डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा घेऊन, त्याच्यापाशी बसून राहिली, रागावली नाही. रात्री तिघांनी मिळून दाजींना फोन लावला. दाजी बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग एवढंच म्हणाले की छाटणी उरकली की मी येतो, तोवर मावशी म्हणेल तसं कर, परत आणायचं वगैरे काही डोक्यात ठेवू नको.

काल दुपारी २ ते ५ पेपर लावला. साडेतीनला पेंगत होता, तोंड धुऊन परत बसला. शीट मी बघितली, शेवटच्या चाळीसेक गोलांत पेन बाहेर गेलंय, आधीच्यात नाही.

फार्मसीवाली ताई, आता सकाळची एक बाटली राहिलीये. ती काढून त्या जागी साधा कपभर चहा दिला तर चालेल का, की आणखी आठवडाभर अर्धी देऊ? सोमवारी त्याची मोठी टेस्ट आहे म्हणून विचारते.