मदत हवी आहे: लिम्फेडेमा असताना रांगोळी कशी काढायची?

दोन वर्षांपूर्वी माझं उजव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, मग रेडिएशन झालं. आता त्याच बाजूच्या हाताला लिम्फेडेमा आहे, म्हणजे लसिकाद्रव साचून सूज येते, आणि रांगोळीचा हातही तोच.

आमच्याकडे चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत दारात चैत्रांगणाची रांगोळी असते. सासूबाईंनी शिकवलेलं. यंदा पाळण्यातली गौर, शंख, कासव, गोपद्मं झाली. सूर्य-चंद्राशी आले तोवर बोटं इतकी जड झाली की चिमटीतून रेघ तुटायला लागली. संध्याकाळी साबण लावूनही बांगडी निघेना. फार रडू आलं.

ओणवं बसलं की हात खाली लोंबतो, त्यानेच सूज वाढत असावी. फिजिओथेरपिस्टनी प्रेशरची स्लीव्ह आणि ग्लोव्ह दिलाय, पण ग्लोव्हमध्ये चिमटीला पूड जाणवत नाही. शिवाय ती विणीत शिरून कातडी खाजते. एकदा साध्या ओरखड्यातून सेल्युलायटिस (त्वचेचा जंतुसंसर्ग) होऊन ताप आला होता, त्यामुळे खाजवायचीही भीती वाटते.

कुणी असा हात सांभाळून रांगोळी, वारली किंवा भरतकाम करतं का? पाट टेबलावर ठेवून काढल्याने फरक पडतो का? मधे किती वेळाने थांबता, हात उंच धरता? पूड सोडायला नळी किंवा कोन वापरून बारीक रेघ जमते का? डाव्या हाताने शिकलेलं कुणी असेल तर तेही सांगा, मी रोज पाटीवर गिरवायला तयार आहे.

स्टिकर लाव, असं मात्र कृपया सांगू नका.